काट्याचा कप्पा

नूरजहां चाचींनी सकाळीच मला फाटकाशी गाठलं. आत जहांगीर चाचा बुटाची नाडी बांधत होते. चाची आवाज दाबून म्हणाल्या, "महामाया, आमीर रविवारी त्यायले नागपूरले नेऊन राह्यला. म्हन्ते, अब्बाचं डोकं चालत नाई आता. मी पोराले म्हनलं, जिनिंगचं हे एक काम त्यायले करू दे. बराबर केलं तं ते खामगावातच राह्यतीन, रोज तुह्यासंगं दुकानात येतीन. तू सांगशीन ते आमीर मानन. पन खरं सांगजो, बेटा."

मी "हाव" म्हटलं आणि मनात ठरवून टाकलं की काहीही झालं तरी आपण खोटंच बोलायचं. आमच्या गल्लीत मुलीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देणारा दुसरा होताच कोण? चाचांनी मला कामावर घेतलं तेव्हा लोक हसले, आणि चाचा त्यांच्यावर खेकसले. आज त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मी चालवते आणि गिऱ्हाइकांवर मीही खेकसते. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला.

काम तसं साधं होतं. कापसातली सरकी काढणाऱ्या, आता बंद पडलेल्या जिनिंगचे सहा जुने स्विच वरवट बकालच्या एका शाळेनं घेतले होते, ते कोरे करून द्यायचे होते. स्विच म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी. तिच्यात व्हीलॅन, म्हणजे वेगवेगळे कप्पे, पाडता येतात. एका कप्प्यातल्याला दुसऱ्यात डोकावता येत नाही. गोम एवढीच की रीसेट केलं तरी हे कप्पे जात नाहीत. त्यांची फाईल वेगळी असते, ती वेगळी पुसावी लागते. मलकापूरच्या एका डाळमिलमध्ये मी ती पुसायची विसरले होते. मिलचं नेट दिवसभर बसलं आणि चाचांनी मला मालकासमोर झापलं. पुढे वर्षभर ते रोज सकाळी चहाच्या आधी विचारायचे, "दुसरी फाईल कोन्ती?" मी चिडून उत्तर द्यायचे.

जिनिंगच्या अंगणात सरकीचा दाणाही उरला नव्हता. एके काळी वजनकाट्यावर बसणारे पुंजाजी आता तिथले राखणदार होते. त्यांनी ऑफिसचं कुलूप काढलं.

"बीटी आली तवा कापसाच्या गाड्यायची रांग पार रस्त्यावर जाये," ते म्हणाले. "मंग गुलाबी अळीनं बीटीचंही बोंड पोखरलं. लोकायनं सोयाबीन पेरलं अन् आमी बसलो माशा मारत." मग चाचांकडे वळले. "पन भाई, तुमच्या काट्यावर कोनं कधी बोट नाई ठेवलं."

ते खरंच होतं. जिनिंगचे सगळे कॉम्प्युटर चाचांनीच जोडले होते. एका हंगामात वजनावरून गाडीवाल्यांनी मोठा दंगा केला. तेव्हा चाचांनी काट्याचा कॉम्प्युटर एका वेगळ्या कप्प्यात टाकला. ऑफिसात बसून कुणालाच वजनाला हात लावता येईना. मालक भडकला, दुसरा माणूस आणतो म्हणाला. चाचा म्हणाले, "आना. मी हे बदलनार नाई."

पुंजाजींच्या बोलण्यावर चाचा नुसते हसले. मला बरं वाटलं, म्हटलं, आठवतंय सगळं.

त्यांनी पहिल्या स्विचला केबल लावली. बोटं भराभर चालली, एकही अक्षर चुकलं नाही. जुनी सेटिंग पुसली गेली, स्विच बंद होऊन पुन्हा सुरू झाला. चाचांनी केबल काढायला हात घातला.

"झालं. दुसरा आन."

"चाचा, काही राह्यलं काय?"

"काय राह्यते?"

"दुसरी फाईल कोन्ती?" मी हसत विचारायचा प्रयत्न केला.

"कोन्ती दुसरी फाईल बे? डोकं नको खाऊ."

मी त्यांच्यासमोर कप्प्यांची यादी उघडली. गेट, ऑफिस, प्रेस, काटा. नावं त्यांचीच. बघितली की आठवेल, अशी मला वेडी आशा होती. चाचांनी चष्मा नीट केला आणि यादी दोनदा वाचली.

"हे कोनं केलं?"

पुंजाजी काही बोलणार होते. मी हातानंच त्यांना थांबवलं.

"काटा अलग ठेवला त्यानं," चाचा पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. "इमानदार मानूस असन. मालकानं लय तरास देला असन त्याले." मग माझ्याकडे पाहिलं. "त्याचा नंबर असन ना तुह्यापाशी? बोलाव त्याले. हे कसं पुसाचं ते तोच सांगन."

नंबर बघते, असं म्हणून मी बाहेर आले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. खोटं जिभेवर तयार होतं. आमीरला फोन लावेपर्यंत मी ते बोलणारच होते. पण वजनात खोट चालू न देणाऱ्या माणसाबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना.

"घेऊन जाय त्यायले," मी म्हटलं.

आमीर म्हणाला, "पक्कं?"

"हाव."

आत येऊन ती फाईल मी पुसली. यादी कोरी झाली. चाचा बाजूला बसून बघत होते.

"लागला काय त्याचा फोन?"

"नाई चाचा. ते आता काम करत नाईत."

"काऊन?" चाचांना मनापासून वाईट वाटलं. "तब्येत बिघडली असन. असा मानूस उगाच काम नाई सोडत. आपन जाऊ त्याले भेटाले. सोमवारी दुकान लवकर बंद कर, मंग जाऊ."

मी "हाव" म्हटलं आणि दुसरा स्विच त्यांच्यापुढे ठेवला.