डाव्या हाताची चिठ्ठी

चष्मेवालीला जळायला कधी कारण कमी पडलं नाही. इतर बायका फार तर शेजारणींवर नजर ठेवतात. हिचा नवरा बायसेक्शुअल, त्यामुळे हिला शेजारणी, शेजारी, झाडून सगळ्यांवर डोळा ठेवावा लागे. ती स्वतःही बायसेक्शुअलच होती, पण ती गोष्ट वेगळी, असं तिचं म्हणणं. नवऱ्याने सहा वर्षांच्या संसारात संशयाला तीळभर जागा दिली नव्हती, आणि याचाच तिला जास्त राग होता.

एका बाबतीत मात्र ती निर्धास्त होती. नवरा पाट्या रंगवायचा. सात वर्षांपूर्वी तिच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवायला आला, तेव्हा चहा पिता पिता त्याने सांगून टाकलं की आपल्याला पुरुषही आवडतात आणि बायकाही. तिच्या तोंडून "मलाही" निघून गेलं. तोवर तिने हे जिवाभावाच्या मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. त्यानेही कोणाला सांगितलं नसणार, हे तिने परस्पर ठरवून टाकलं आणि त्या ठरवण्यावरच लग्न केलं.

दोघं आपल्यासारख्यांच्या एका गटात जायची. दर दुसऱ्या रविवारी दुपारी, नृत्याच्या क्लासची खोली रिकामी असायची तेव्हा वीस-बावीस जण तिथे सतरंजीवर बसत. "एकदा काय ते नक्की ठरव ना," असं तिथे कोणी कोणाला म्हणत नसे, एवढ्यासाठीच काही जण दोन बस बदलून येत. गटाच्या वाढदिवसाला एक रीत होती. आपण हे सगळ्यांत आधी कोणाला सांगितलं आणि पुढे काय झालं, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सवयीचा हात सोडून दुसऱ्या हाताने लिहायचं, आणि चिठ्ठी कोणाची हे नंतर विचारायचं नाही. हे दोन्ही नियम चष्मेवालीनेच घातले होते.

यंदा चिठ्ठ्या वाचायला बसचालक बसला होता. कोंबडीचे पाय काढलेली ती अक्षरं लावताना बिचारा घामाघूम झाला. कोणी बहिणीला सांगितलं होतं, कोणी चुकून साहेबांना. मग एक चिठ्ठी त्याने उघडली आणि घडाघडा वाचायला लागला. पलीकडून चष्मेवालीला अक्षर दिसलं. एकसारखं, रेषेत, दुकानावर लावावं असं.

नवरा शिडीवर चढला की दोन्ही हातांनी रंगवायचा, शिडी सरकवायला नको म्हणून. आपला डावा हातही वळणदार लिहितो हे त्याच्या ध्यानीच आलं नव्हतं. ओळखलं सगळ्यांनी. पण सगळे भल्या माणसांसारखे आपापल्या पायांकडे बघत राहिले.

चिठ्ठीत होतं, "मी पहिल्यांदा एका अनोळखी व्यक्तीला सांगितलं. काम उरकलं होतं, रंग वाळत होता. त्या व्यक्तीने पाटीचे पैसे मोजून दिले. आठवड्याने बोलावून लोकरीचे मोजे दिले. म्हणाली, असं काही सांगणाऱ्याचे पाय गार पडतात. ते मोजे मी अजून घालतो."

चष्मेवालीच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे आपण दुसऱ्या. सात वर्षं ज्या पहिल्या नंबराच्या जिवावर तोऱ्यात वावरलो, तो कोणा मोजेवालीने, नाही तर मोजेवाल्याने, आधीच पटकावला होता. घरी येताना ती त्याच्या दोन पावलं पुढेच चालली. विचारायची सोय नव्हती; स्वतःच्याच नियमाने तिचं तोंड बांधलं होतं.

घरी आल्या आल्या तिने त्याचा खण उपसला. तळाशी ते करडे मोजे होते, चार ठिकाणी रफू केलेले. ते तो स्वतः धुवायचा, स्वतः वाळवायचा, तिला हात लावू देत नसे. इतकी वर्षं तिने त्याचं केवढं कौतुक केलं होतं! तिने कात्री घेतली. कापण्याआधी मोजा उलटा केला, आणि टाचेच्या आत तिला लाल दोऱ्याचा एक टाका दिसला.

तो टाका ती जन्मभर बघत आली होती. तिच्या आईचं लोकरीचं दुकान होतं. लोकर घ्या आणि आपलं आपण विणा, असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. विणायची ती फक्त घरच्यांसाठी, आणि घरचं ओळखू यावं म्हणून आतून एक लाल टाका घालायची.

नवरा दारात उभा होता.

"माझ्या आईला सांगितलंस तू?"

"त्या तुझ्या आई आहेत हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? पाटी रंगवायला गेलो होतो. मोजे दिले त्याच दिवशी म्हणाल्या, पलीकडच्या चौकात चष्म्याचं दुकान आहे, तिथली पाटी उडालीये, बघ जाऊन."

"आणि लग्नानंतर? तेव्हाही तोंड शिवलं होतं?"

"त्यांनीच बजावलं होतं. तिला बोलू नकोस, तिला वाटेल तिने स्वतःचं सांगावं म्हणून मी वाट बघतेय."

चष्मेवालीने कात्री खाली ठेवली. आता तिला आईचा हेवा वाटेना, नवऱ्याचा वाटायला लागला, आणि तो आधीच्यापेक्षा कडू होता. अडतीस वर्षं आईच्या पंखाखाली काढून तिला जे जमलं नव्हतं, ते या माणसाने रंग वाळेपर्यंत उरकलं होतं. वर मोजेही मिळवले होते. तिने मोजे पर्समध्ये कोंबले आणि ती आईकडे निघाली. तो चप्पल शोधायला लागला तेव्हा तिने त्याला हातानेच थांबवलं.

आई दुकानामागच्या खोलीत विणत बसली होती. चष्मेवालीने मोजे तिच्या मांडीवर ठेवले. वाटेत घोकलेलं सगळं विसरलं होतं.

"मीपण त्याच्यासारखीच आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

आईने हातातली ओळ पुरी केली. सुया बाजूला ठेवल्या. मोजे उलटेसुलटे करून रफू बघितलं, आणि जावयाला टाके नीट घालता येत नाहीत म्हणाली.

"तू वाट बघत होतीस ना?"

"छे. मला काय दुसरे उद्योग नाहीत? चप्पल काढ. पाय इकडे कर."

तिने वितीने लेकीचं पाऊल मोजलं. पहिल्यांदा माप चुकलं आणि पुन्हा घ्यावं लागलं. पाय खरंच गार पडले होते.

"त्याच्यापेक्षा उंच कर," चष्मेवाली डोळे पुसत म्हणाली. "गुडघ्यापर्यंत."