दशांशानंतरचे आकडे

संरक्षण मंत्रालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रणगाडे आणि कडक सलाम उभे राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या संयुक्त संशोधन कक्षात यातलं काहीच नव्हतं. तिथं चार टेबलं होती, एक कुरकुरणारा पंखा होता आणि गाळणीबाई होत्या.

लष्कराच्या रडारला आकाशात जे दिसे, त्यातलं शास्त्रज्ञांच्या उपयोगाचं तेवढं विद्यापीठांना आणि शेजारी देशांना कळवायचं, हे या कक्षाचं काम. मात्र रडारची नजर किती तीक्ष्ण आहे, हे बाहेर कळता कामा नये. म्हणून बाई प्रत्येक आकडा जवळच्या पूर्ण किलोमीटरवर आणून ठेवत आणि मगच तो दाराबाहेर सोडत. कुणी खोदून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं होतं: रडार जुनं आहे हो, चालवून घ्या. हा नियम सव्वीस वर्षांपूर्वी बाईंनी स्वतः लिहिला होता. तेव्हापासून त्यांच्या हातून एक दशांश निसटला नव्हता. म्हणून तर सगळी इमारत त्यांना गाळणीबाई म्हणे, आणि बाईंना ते नाव आवडायचं.

त्यांच्याकडे त्यांची भाची राहायची. बहिणीची मुलगी, कॉलेजसाठी म्हणून आली ती राहिलीच. आता ती विद्यापीठात होती. तीन देशांनी मिळून बनवलेला, बुटांच्या खोक्याएवढा एक उपग्रह समुद्राची ऊब मोजत फिरत होता. भाचीनं त्याच्यापायी सहा वर्षं घातली होती. घरात ती त्याला ‘आमचं पोर’च म्हणायची.

“मावशी, आज पोराच्या जवळून जुन्या रॉकेटचा एक तुकडा जाणार आहे,” सकाळी चहा पिताना ती म्हणाली. “संध्याकाळी पाचला.”

“मग?”

“मग काही नाही. तुकड्याची उंची तुम्ही कळवलीय, सहाशे अकरा. पोराची शेजारच्या देशातले मोजून देतात, ती सहाशे बारा. मध्ये अख्खा किलोमीटर आहे. अर्ध्याच्या आत असता, तर पोराला हलवलं असतं. पण इंधन एकदाच हलवण्यापुरतं उरलंय, ते उगाच कोण उधळणार? दोनच्या बैठकीत नको म्हणून ठरवून टाकू.”

घरात ऑफिसचा विषय काढायचा नाही, हा बाईंचा शिरस्ता. तरी त्यांच्या तोंडून निघून गेलं, “शेजाऱ्यांचाही आकडा पूर्णच असतो?”

“नेहमी. त्यांचं रडार म्हणे तुमच्यापेक्षा जुनं आहे,” भाची बूट चढवत म्हणाली आणि गेली.

बाईंचा चहा निवला. सव्वीस वर्षं जी थाप त्या जगाला ऐकवत आल्या होत्या, तीच शेजाऱ्यांनी ऐकवली तेव्हा त्यांनी ती निमूटपणे गिळली होती. शेजारीही गाळत असतील तर? या घरानं थोडं लपवलं, त्या घरानं थोडं लपवलं, आणि दोघांच्या मध्ये एक किलोमीटर नुसता कागदावर उभा राहिला.

ऑफिसात पोचल्याबरोबर त्यांनी कपाट उघडून मूळ नोंद काढली. तुकडा सहाशे अकरा पूर्णांक शेहेचाळीसवर होता. शेजाऱ्यांचा खरा आकडा सहाशे साडेअकराच्या जरा वर असला, तर दोघांत शंभर मीटरसुद्धा उरत नव्हते.

हात फोनकडे गेला. ‘हलवा’ एवढा एकच शब्द भाचीला सांगितला, की काम फत्ते. पण बाईंनी हात मागे घेतला. चोरून सांगितलं असतं तर आजच्यापुरतं भागलं असतं आणि पुढच्या तुकड्याला पुन्हा तोच घोळ. शिवाय ज्या खुर्चीवर देशानं विश्वास टाकला, तिच्यावर बसून घरी निरोप धाडायचे, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या फाइल घेऊन कर्नलसाहेबांच्या खोलीत गेल्या.

कक्षप्रमुख कर्नलसाहेबांनी सगळं ऐकलं. “नियम कुणी लिहिलाय हा?”

“मीच.”

“आणि मोडायलाही तुम्हीच आलात.” ते हसले, पण टोपी उचलून उभेही राहिले. “चला वर.”

वरच्या मजल्यावर सचिव बैठकीत होत्या. त्या उठून बाहेर व्हरांड्यात आल्या. लोक मंत्रालयाला नावं ठेवतात, की फाइल वर्षभर हलत नाही. ही फाइल उभ्याउभ्या हलली.

“तुमची शंका खोटी निघाली तर?” सचिवांनी विचारलं.

“तर आपलं रडार किती चांगलं आहे, ते शेजाऱ्यांना फुकटात कळलं. आणि ठपका माझ्यावर,” बाई म्हणाल्या. “दुसरंही सांगायला हवं. त्या उपग्रहावर माझी भाची काम करते.”

“तिच्याशी बोललात?”

“नाही.”

सचिवांनी त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. “मिळून आकाश मोजायचं म्हणून करार करायचा आणि फूटपट्टी मात्र लपवायची, असं किती दिवस चालणार? ठपका माझ्यावर राहू द्या.” त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली आणि खाली वेळ टाकली. एक वाजून दहा मिनिटं.

पलीकडच्या देशात बाईंच्याच जागेवर एक बाई होत्या. चौदा वर्षं दोघींचा पत्रव्यवहार होता, सगळा ‘सादर’ आणि ‘आपली विश्वासू’ छापाचा. आवाज कधी ऐकला नव्हता.

“आमचं रडार जुनं नाही,” गाळणीबाई फोनवर म्हणाल्या. “तुकडा सहाशे अकरा पूर्णांक शेहेचाळीसवर आहे.”

पलीकडून आवाज आला, “मला वर जाऊन यावं लागेल.”

बाई घड्याळाकडे पाहत बसल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर भाचीचा चेहरा येत होता आणि तो त्या बाजूला सारत होत्या. पावणेदोनला फोन वाजला.

“सहाशे अकरा पूर्णांक चोपन्न,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. जिने चढून-उतरून आल्या असणार.

ऐंशी मीटर. बाईंनी दोन्ही आकडे विद्यापीठाला जसेच्या तसे पाठवले. पाच मिनिटांत उलट फोन आला. “मॅडम, आकडे मिळाले. आम्ही हलवतोय,” भाची म्हणाली. एकदाही ‘मावशी’ म्हणाली नाही, आणि बाईंना तिचं कौतुक वाटलं.

पाच वाजले. पंखा कुरकुरत राहिला. कर्नलसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि पुन्हा निघून गेले.

सव्वापाचला पलीकडच्या बाईंचा संदेश आला. कुणी मागितला नव्हता, आपणहून आला होता: ‘तुकडा गेला. उपग्रह सुखरूप आहे. उंची सहाशे तेरा पूर्णांक आठशे सत्तावीस.’

बाईंनी तो पुन्हा वाचला. तीन दशांश! आपल्या रडारला जेमतेम दोन दिसायचे, आणि सव्वीस वर्षं आपण जीव मुठीत धरून काय जपत होतो? त्यांना हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि तो आकडा तिन्ही दशांशांसकट भाचीला पाठवून दिला.