नरसिंगरावांच्या गुडघ्यातला मी

मित्रांनो, मी एक जुना स्नायुरज्जू आहे. स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट दोरी म्हणजे मी. माझा जन्म नरसिंगरावांच्या डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला झाला. नरसिंगराव आदिलाबादच्या एका कचेरीत कारकून. ते सायकल चालवायचे, जिने चढायचे, मांडी घालून जेवायचे, आणि मी मुकाट ओढ सोसायचो. मी आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

ज्या वर्षी आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या आषाढात जैनथच्या रस्त्यावर काळ्या चिखलात त्यांची मोटारसायकल घसरली. गुडघ्यात वरचे आणि खालचे हाड एकमेकांशी धरून ठेवणारा अस्थिबंध तुटला. तो आपोआप जुळत नाही. म्हणून श्रावणात डॉक्टरांनी मला माझ्या जागेवरून काढले, चार पदरी घडी घातली, फळीवर ताणून पाहिले आणि हाडांत बोगदे पाडून तुटलेल्या बंधाच्या जागी ओवले.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ही दोरी तुमच्या जुन्या बंधापेक्षा मजबूत आहे."

नरसिंगरावांचा चेहरा खुलला. डॉक्टर पुढेही बरेच बोलले. हिचा रक्तपुरवठा तुटला आहे, हाडात रुजायला हिला महिने लागतील. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ही सगळ्यात कच्ची होईल आणि नेमके तेव्हाच तुमचे दुखणे थांबलेले असेल. ओझे उचलू नका, पाय रोवून वळू नका. नरसिंगराव मान हलवत होते. घरी मात्र त्यांनी पहिले वाक्य तेवढेच आणले.

पुढे तसेच झाले. राहत्या घराच्या भिंती एकेक करून बदलाव्यात, तसे माझे जुने तंतू झडून नवे येत होते. घर उभे दिसते, पण भिंतीला टेकायची सोय नसते. बाहेरून गुडघा छान दिसू लागला. सूज उतरली, काठी सुटली. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण दुखण्याची खबर देणाऱ्या नसा मला काढतानाच तुटल्या होत्या. याची मला अजून चीड येते.

दसरा तोंडावर आला. नव्या जिल्ह्यांच्या कचेऱ्या दसऱ्याला उघडायच्या होत्या. वरच्या मजल्यावरून दफ्तरांचे गठ्ठे खाली आणून लॉरीत भरायची धांदल चालली होती. नरसिंगरावांनीही बाह्या सरसावल्या. पत्नी सुभद्राबाई वारल्यापासून त्यांना रिकामे बसवत नसे.

शेजारच्या टेबलाचे चिंतामणी म्हणाले, "नरसिंगराव, तुमी बसा. आमी करून राह्यलो ना. तुमाले उचलाले पुन्हा मानसं कुटून आनू?"

सगळे हसले.

"काऊन बसू?" नरसिंगराव म्हणाले. "डॉक्टरच म्हने, पयल्यापेक्षा मजबूत हाय."

त्यांनी गठ्ठा उचलला. जिन्याच्या वळणावर पाय रोवला गेला आणि अंग वळले. मी चारही पदरांनी जीव खाऊन धरले. फळीवर होतो तेव्हा एवढी ओढ मी हसत सोसली असती. त्या दिवशी माझे तंतू एकेक करून सरकत गेले. मी तुटलो नाही, पण लांबलो. आणि लांबलेला स्नायुरज्जू पुन्हा आखडत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पुढे ओढून पाहिला आणि ते चिडले. एवढे समजावून सांगितले होते, ते ऐकले नाही का, असे त्यांनी विचारले.

नरसिंगरावांनी गुडघ्यावरची विजार खाली ओढली. मग म्हणाले, "दवाखान्यातलं समदं सुभद्राच ऐकून घेत जाय. मी नुसता संग राहो. तिले जाऊन साल झालं, साहेब."

डॉक्टरांनी मग खुर्ची पुढे ओढली आणि सगळे पुन्हा, सावकाश सांगितले. पण माझ्यासाठी उशीर झाला होता. मी आता हाडात पक्का रुजलो आहे, पण सैल. उतारावर गुडघा दगा देतो आणि नरसिंगराव मलाच बोल लावतात. त्यांना काय सांगू?

मित्रांनो, दुखणे थांबले म्हणजे जोड पक्की झाली, असे समजू नका. तुमच्या घरातले किंवा शेजारचे एखादे एकटे माणूस दवाखान्यात निघाले, तर त्याच्यासोबत जा. बाहेर बाकावर बसू नका, आत जा. डॉक्टरांचे बोलणे शेवटपर्यंत ऐका, आणि घरी आल्यावर ते त्याला पुन्हा सांगा.