विलायतेला गेलेली तार

माझा धाकटा भाऊ वसंता लंडनला पियानो वाजवतो. वाजवतो म्हणजे उगाच नाही, गोरे लोक तिकीट काढून ऐकायला येतात आणि उभं राहून टाळ्या देतात. जालन्याच्या मिशन दवाखान्यात आमची माय झाडलोट करायची, तेव्हा हा प्रार्थनेच्या खोलीतल्या पियानोला चिकटून बसायचा. तिथल्या मडमेनं त्याला हाताशी धरलं, मुंबईला नेलं, पुढं शिष्यवृत्तीवर विलायतेला धाडलं. सोळा वर्षांत तो दोनदा घरी आला. मायनं त्याचा एकही कार्यक्रम ऐकला नाही. "पेपरात नाव येतं म्हणं त्याचं," एवढंच ती चार बायांत सांगायची.

शहात्तरच्या जानेवारीत परतूरला माझ्या घरी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण शुद्ध होती. डॉक्टर म्हणाले, फार तर दहा-बारा दिवस. मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि तशीच पोस्टात गेले.

तारबाबू तातेरावांनी माझा कागद वाचला. माय सिरियस, ताबडतोब ये. त्यांनी हळूच चष्मा काढला.

"कवा गेल्या, बाई?"

"गेली न्हाई. जित्ती हाय."

"मंग असं नका लिहू. आपल्याकडं तारेत मयत कुनी लिहीत न्हाई, सिरियस लिहितेत. वाचणारा समजून घेतो. जिवंत हाय, एवढं वर टाका."

हा रिवाज मला ठाऊक नव्हता असं नाही. बाप गेला तेव्हा मला इथं आणि वसंताला मुंबईत अशीच तार आली होती. पण वर्षानुवर्षं न येणाऱ्या भावावर माझा राग होता आणि त्या दिवशी तो नाकाच्या शेंड्यावर बसला होता. मी म्हटलं, "तो आता सायब झालाय. त्याला आपले रिवाज कुठले ध्यानात? लिहिलंय तसंच धाडा." तातेरावांनी धाडली.

तिसऱ्या दिवशी उलट तार आली. कार्यक्रम आटोपून निघतो, महिनाअखेर पोचतो. मी ती चुलीत घातली. परत तार करायची नाही असं ठरवलं. ज्याला यायचं त्याला एकदा सांगितलेलं पुरतं.

माय विचारायची, "वसंता?"

"निघालाय," मी म्हणायची.

ती दाराकडं तोंड करून पडायची. मी कूस बदलून दिली की मान वळवून पुन्हा दाराकडंच बघायची. शेजारच्या साळूबाई तिला चमच्यानं पेज पाजायच्या आणि दारापासून दूर बसायच्या, आड यायला नको म्हणून. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी माय गेली.

मला रडू आलं नाही. पाचव्या दिवशी जलदान विधी झाला, त्रिसरण-पंचशील झालं, मी आल्यागेल्याचा चहा केला. अंगाला चिमटा काढला असता तरी कळला नसता. राग तेवढा शाबूत होता. अकरा दिवस, हे दोन शब्द मी वसंतासाठी राखून ठेवले होते. आला की तोंडावर मारायचे.

त्यानंतर तीन दिवसांनी तो आला. पाया पडला, भिंतीला टेकून बसला. साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच बोलायला लागला. बोली जशी नेली होती तशीच.

"आक्का, तुजी तार आली तवा मी रियाज करून राह्यल्तो. सिरियस वाचलं अन् समजलो. म्हनलं, सांजपर्यंत मातीबी होईल. मी पोचून तरी काय करू? बापाच्या टायमाला असंच झाल्तं ना?"

मी साळूबाईंच्या हातातला तांब्या घेऊन त्याच्यापुढं ठेवला.

"मंग ठरलेला कार्यक्रम केला. समदा मायसाठी वाजवला. मला काहीच वाटून न्हाई राह्यलं, आक्का, निस्ते हात चालले. पर असं कधीच वाजलं न्हाई." त्यानं खिशातून पेपरचं कात्रण काढलं. "हे लोक लिहितेत, या मानसाचं आजवरचं सगळ्यात मोठं वादन."

कात्रणावर तारीख होती. तारेनंतरचा सातवा दिवस. त्या दिवशी मायनं दोन चमचे पेज घेतली होती आणि तीनदा त्याचं नाव घेतलं होतं. सोळा वर्षं विलायतेत राहून माझा भाऊ सायब झालाच नव्हता. तातेरावांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. ते अकरा दिवस माझे होते, त्याचे नव्हते.

"त्याच दिवशी गेली ना माय?" त्यानं विचारलं.

साळूबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "तार करून घरी आले, तर गेल्ती."

साळूबाईंनी पदर नीट केला. "व्हय बाबा," त्या म्हणाल्या. "लई सुखानं गेली."

वसंतानं डोळे पुसले. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा श्वास मोकळा झालेला दिसला.

"मंग बरं झालं, आक्का. माझी वाट तर न्हाई पाह्यली तिनं."

"न्हाई पाह्यली," मी म्हणाले.