तेरा महिन्यांचं साल

"हा महिना मोजाचाच नाई," खुशालराव कारकुनांनी सांगितलं आणि पगाराचं रजिस्टर मिटलं.

अकोल्यातल्या त्या खाजगी सूतिकागृहात पगार दर अमावस्येला होई. आज अमावस्या होती आणि टेबलापुढे दोन आया उभ्या होत्या. पुढे जाईबाई, मागे हाजराबी. एकसष्ट सालचा जून. त्या वर्षी ज्येष्ठ दोन आले होते आणि त्यातला पहिला, अधिकाचा, आज संपत होता.

"काहून मोजाचा नाई?" जाईबाईनं विचारलं.

"धोंड्याचा महिना हाये. साल म्हंजे बारा महिने. बार तिसा तीनशेसाठ. तुले कामावर घेतलं तवा तीनशेसाठच ठरले व्हते ना? ज्येष्ठाचा पगार पुढच्या अमोशेले भेटते. ज्येष्ठ दोन आले म्हून पगार दोन होत नाईत."

खुशालराव हिशेबाला पक्के. दोन वर्षांपूर्वी त्यांनी 'महिना तीस' न म्हणता 'सालाचे तीनशेसाठ' म्हटलं होतं. आकडा मोठा केला की ऐकणारा आपोआप मान हलवतो, हा त्यांचा अनुभव. जाईबाईनंही हलवली होती. पण घरी पोचेपर्यंत तिनं त्या तीनशेसाठांचे बारा भाग पाडले, एका भागाचे तीस पाडले, आणि हाती उरला रोजचा एक रुपया. तेव्हापासून ती रुपयातच मोजत होती.

"माह्या हिशेबानं रोजचा एक रुपया, खुशालभाऊ. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यालोक दिवस किती होतेत, सांगा बरं."

ते तीनशे ऐंशीच्या वर जातात, हे खुशालरावांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हिशेब सोडला आणि धर्म धरला.

"अधिकातली सेवा म्हंजे पुण्य, जाईबाई. दुप्पट भेटते."

"ते तुमालेच राहू द्या. आमी पाच वर्साखाली दीक्षा घेतली, तवापासून धोंडा काई आमच्या घरी येत नाई. पन भूक येते. दुकानवाला गयासुद्दीन या महिन्याची जवारी फुकट देऊन राहिला का?"

हाजराबी खुदकन हसली. "आमचं साल तर अकरा दिन पहलेच खतम होते, खुशालभाऊ. मंग मले पगार लवकर देता का?" मग तिचं हसू ओसरलं. "तीन साल पहले श्रावन दोन आले, तवा माहे तीस असेच गेले. मी चूप बसली."

"आताबी चूप बस."

"ती बसन. मी नाई बसत," जाईबाई म्हणाली. "महिना मोजाचा नाई ना? मंग जन्माचं रजिस्टर आना. या महिन्यात बावीस लेकरं झाली इथं. लिहा, का झालीच नाईत म्हून! आन् खाटेचं भाडं वापस करा, रोजचे दोन रुपये. त्या बाळापूरच्या बाळंतिनीचे नऊ दिवस मोजले, तवा तुमचा धोंडा कोठी गेला व्हता?"

आतल्या खाटांवर कुजबुज सुरू झाली. कोणी तरी मोठ्यानं "खरंच की वं माय" म्हणालं, आणि सूतिकागृहाच्या मालकीण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाई मनानं चांगल्या. पण भाड्याचा विषय बाळंतिणींच्या कानी जाऊ देण्याइतक्या चांगल्या नव्हत्या. त्यांनी पर्समधून दहाची नोट काढून टेबलावर ठेवली.

"हे घे. अधिकाचं वाण समज. आणि आवाज खाली."

जाईबाईनं नोटेकडे पाहिलं. दहा दिवसांची ज्वारी, वर गोडं तेल. घरात आज पिठाचा डबा वाजत होता. तिनं एका बोटानं नोट परत सरकवली.

"वान जावयाले देतेत, बाईसाहेब. मी आया हावो. मले पगार पाह्यजे."

"आणि नाही दिला तर?"

"तर मी रोज येतो, बसतो, पन कामाले हात लावत नाई. मलेबी अधिकातलीच समजा. मोजू नका."

खाटांवर हशा पिकला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला.

"खुशालराव, हिचे तीस द्या आणि हिशेब चुकता करा. उद्यापासून हिनं यायचं नाही."

खुशालरावांनी तीस रुपये मोजले, रजिस्टर उघडून ओळ खरडली. जाईबाई वाकली. विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात तिला अक्षरं भेटली होती.

"'बक्षीस' लिहून राहिले तुमी. खोडा. 'अधिक ज्येष्ठाचा पगार' लिहा."

अकरा वर्षांत त्या रजिस्टरात खाडाखोड नव्हती. खुशालरावांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. खुशालरावांनी खोडून 'पगार' लिहिलं. जाईबाईनं पुढे आपल्या नावाची चार अक्षरं सावकाश उमटवली, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि मागच्या खोलीत गेली.

परत आली ती स्वतःच्या ठिगळाच्या लुगड्यात. दवाखान्याचं पांढरं पातळ तिनं नीट चौघडी घालून उघड्या रजिस्टरावर ठेवलं, आणि कोणाकडेही न पाहता पायऱ्या उतरली.

हाजराबी टेबलाशी सरकली. "माहाबी पगारच लिहा," ती हळूच म्हणाली.

लिहायचं म्हणून खुशालरावांनी पातळ उचललं. पदर अजून ओला होता. सकाळीच त्यात कोणाचं तरी बाळ पुसलं गेलं होतं.