विमान काट्यावर

त्याचं चष्म्याचं दुकान बाजारात होतं आणि विमान गावाबाहेरच्या लहानशा धावपट्टीवर. दुकान रोज चालायचं, विमान बहुतेक वेळा उभं असायचं. चार माणसांचं, एका इंजिनाचं, डोक्यावर पंख असलेलं ते विमान त्याच्या लग्नाहून जुनं होतं. दोन्हींची निगा आपण सारख्याच हौसेनं राखतो, असं तो पाहुण्यांना सांगायचा. बायको तिथे असलीच तर म्हणायची, लग्नाला नवा रंग कधी दिला ते काही तिला आठवत नाही.

घरात त्याला सगळे कॅप्टन म्हणत. नाव मेहुणीनं ठेवलेलं, आणि कौतुकानं ठेवलेलं नव्हे. त्याला विमान उडवता उत्तम यायचं. उतरवता यायचं असं म्हणणं मात्र धाडसाचं होतं. चाकं जमिनीला टेकायची, मग वर काहीतरी विसरल्यासारखं विमान पुन्हा उचललं जायचं, पुन्हा टेकायचं, आणि हा विसरभोळेपणा संपला की एकदाचं धावायला लागायचं. कधी काही मोडलं नव्हतं. पण उतरल्यावर तो नेहमी वाऱ्याबद्दल बोलायचा, आणि घरच्यांना आता वाऱ्याचं हे पुराण तोंडपाठ झालं होतं.

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. त्यांना धाकट्या लेकीकडे, समुद्रकाठच्या गावाला जायचं होतं. रस्ता सगळा वळणावळणाचा. मागच्या खेपेला गाडीतून जाताना त्यांना इतक्या उलट्या झाल्या की तिथे पोचल्यावर निम्मा मुक्काम अंथरुणात गेला. तेव्हा एका संध्याकाळी जेवताना, कुणी विचारलेलं नसताना, कॅप्टननं जाहीर केलं की आईंना तो विमानानं नेईल. सासूबाई म्हणाल्या, "बरं. कधी?"

पुढच्या रविवारी असं तो म्हणाला. त्या रविवाराला यायला दोन वर्षं लागली.

झालं असं की आईंना कसं वाटेल हे बघायला तो स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला. इतक्या वर्षांत तिथे तो कधी बसलाच नव्हता. सीटची स्प्रिंग टोचत होती. पत्र्याच्या भिंती तापल्या होत्या. धावपट्टीवरच्या दुसऱ्या एका विमानवाल्याला इंजिन चालू करायला सांगितलं, तर दात हलू लागले. कॅप्टनला एकदम भरून आलं. वयस्कर बाईला अशा डब्यात घालून न्यायचं? त्यानं मनाशी ठरवलं की आधी विमान आईंच्या लायकीचं करायचं.

सुरुवात सीटांपासून झाली. चारही सीटांना जाड गादी, मऊ चामडं आणि मानेला टेकायला उंच पाठ. मग आवाज अडवणारं अस्तर, छताला आणि दोन्ही बाजूंना. मग पायाखाली गालिचा. मग उन्हाळा आला आणि त्याच्या मनात एसीचं आलं; मागच्या सीटमागे बसणारा एक एसी निघाला होता. समोरच्या गोल तबकड्या काढून रंगीत स्क्रीन बसवला, आपोआप विमान चालवणारं यंत्र बसवलं, आणि आत एवढं नवं झाल्यावर बाहेरून जुनं कसं ठेवायचं म्हणून रंगही दिला. जुना रंग खरवडून काढायला वेळ लागतो म्हणून जुन्यावरच नवा.

सामान विकणारा माणूस दर वेळी सांगायचा, एकदाच घ्यायची वस्तू आहे साहेब, मग चांगलीच घ्या. हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटायचं. एके दिवशी दुकानात, साधा वाचायचा चष्मा घ्यायला आलेल्या आजोबांना महागातल्या काचा दाखवताना, तेच वाक्य त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडलं. तो क्षणभर थबकला. आजोबांना साध्या काचा दिल्या आणि संध्याकाळी जाऊन एसी पक्का केला.

धावपट्टीवर विमानांची देखभाल बघणाऱ्या इंजिनिअरबाई होत्या. लायसनवाल्या, कामाला चोख, आणि गिऱ्हाइकाच्या हौसेत नाक खुपसायचं नाही असं ठरवलेल्या. तरी रंगाच्या वेळी त्या एकदा म्हणाल्या होत्या की रंगालाही वजन असतं. कॅप्टननं मान डोलावली होती. दुकानात त्याचे सल्ले ऐकताना गिऱ्हाइकं डोलवायची, अगदी तशीच.

सगळं पूर्ण झालं त्या दिवशी त्या म्हणाल्या की आता विमान काट्यावर घ्यावं लागेल. एवढे बदल केल्यावर तसा नियमच आहे. तिन्ही चाकांखाली एकेक काटा ठेवला, दारं बंद केली, वारा लागू नये म्हणून हँगरचा, म्हणजे विमानाच्या शेडचा, दरवाजाही ओढून घेतला. कॅप्टन कौतुकानं बघत होता. लेकीला नटवून उभं केलेल्या बापासारखा त्याचा चेहरा होता. इंजिनिअरबाईंनी आकडे लिहिले, बेरीज केली, परत केली, आणि पेन खिशाला लावलं.

"टाकी पूर्ण भरलीत तर तुम्ही आणि आणखी एक जण."

"मी, बायको आणि आई, आम्ही तिघं आहोत."

"मग एकाला घरी ठेवा."

तो म्हणाला, त्या स्क्रीनचाच हा प्रताप असणार. त्या म्हणाल्या की स्क्रीनचं नाव घेऊ नका, त्यानं वजन उलट कमी केलंय. गाद्या, अस्तर, गालिचा, एसी आणि रंग, एवढ्यांनी मिळून एक अख्खा प्रवासी खाल्लाय. मग त्यांनी हिशोबासाठी त्याचं वजन विचारलं. त्यानं सांगितलं. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि माणसांचं वजन करायचा एक साधा काटा पुढे सरकवला. त्यानं बूट काढले, खिशातल्या किल्ल्या काढल्या, पट्टाही काढला. लायसन काढलं तेव्हाचा एक सडपातळ मनुष्य इतकी वर्षं कागदावर विमान चालवत होता. त्याच्या जागी काट्यावर भलताच कुणी उभा होता.

घरी आल्यावर त्यानं आडून आडून बायकोचं वजन विचारलं. तिनं विचारलं, कशाला हवंय? मग सगळंच सांगावं लागलं. दोन वर्षं आईंसाठी विमान इतकं सुखाचं केलं की आता आईच त्यात मावत नाहीत, हे वाक्य तो हळूहळू, पाण्याचे घोट घेत बोलला. बायको हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे जाऊन हसली; भिंत पातळ होती.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं स्वतःचं वजन म्हणजे काडी. त्या म्हणाल्या, मग पेट्रोल कमी भरा, मध्ये कुठेतरी थांबून परत घ्या. गाडीतून जाताना आपण तेच करतो की.

हा उपाय कॅप्टनला ठाऊक नव्हता असं नाही. हँगरमधून बाहेर पडतानाच तो सुचला होता आणि त्यानं तो तिथेच सोडून दिला होता. वाटेत एक लहान धावपट्टी होती, पेट्रोलही मिळायचं. पण थांबण्यात वेळ जातो, तिथला वारा आडवा असतो, असं काहीबाही तो सांगू लागला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, दोनदा उतरावं लागेल म्हणून का?"

वाऱ्याचा विषय तिथेच संपला. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "हो. भीती वाटते मला उतरायची. एकटा असलो तर चालतं. तुम्ही आत असलात की हात जड होतात."

असं तो इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता. बायको खुर्ची ओढून शेजारी बसली. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, विमान टेकलं म्हणजे झालं. कितव्यांदा टेकलं ते कोण विचारणार आहे?"

निघायच्या आधी मात्र तो पंधरवडाभर रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी धावपट्टीवर गेला, विमान शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेला शेजारी बसवून नुसता उतरत राहिला. तिनं सांगितलं की तुम्ही जमीन आली की घाबरून तिच्यापासून दूर पळता. हे त्याला पटलं. सुधारणा झाली का, तर झाली. तीनदा टेकणारं विमान दोनदा टेकू लागलं.

निघायचा दिवस स्वच्छ होता. सासूबाई मागच्या सीटवर चामड्यात रुतून बसल्या, बायको पुढे त्याच्या शेजारी. विमान वर चढलं. अस्तरामुळे आत इंजिनाचा नुसता गुणगुण असा आवाज येत होता, एसी गार वारा सोडत होता. कॅप्टननं अभिमानानं खाली धरण दाखवलं, मग नदीचं वळण, मग डोंगर. मागून उत्तर आलं नाही. बायकोनं वळून बघितलं. सासूबाईंना गाढ झोप लागली होती.

मधल्या धावपट्टीवर तो उतरला. चाकं टेकली, सुटली.

"आलो का?" मागून आवाज आला.

"अजून नाही, आई."

पुन्हा टेकली. "आता?"

"आता आलो."

पेट्रोल भरणारा माणूस येईपर्यंत ते तिघं सावलीत उभे होते. सासूबाई विमानाभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या की आता त्या पुढे बसणार. मागे काहीच दिसत नाही, समोरच्या उंच पाठी तेवढ्या दिसतात. अंगावर गारठा येतो. आणि आवाज नसल्यामुळे ते चाललंय की बंद पडलंय तेही कळत नाही, म्हणून त्यांनी सरळ डोळे मिटून घेतले होते.

"पण आई, हे सगळं तुमच्यासाठीच केलं," तो म्हणाला.

"ते कळलं मला. मला विचारलं मात्र नाहीत. मला फक्त खाली बघायचं होतं."

त्यानं पुढची सीट सरकवली, त्यांना चढायला हात दिला, आणि समोरचं दिसावं म्हणून एक उशी खाली घातली. बायको मागे जाऊन बसली. विमान उडाल्यावर सासूबाईंनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि सगळं विचारायला सुरुवात केली. हा आकडा कसला, तो दिवा कसला. आपोआप चालवणारं यंत्र तो मोठ्या हौसेनं दाखवू लागला. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे चालवतं, तर मग तुम्ही काय करता?"

त्यानं ते बंद केलं आणि दांडा हातात घेतला. त्यानंतरचा रस्ता त्यानंच विमान चालवलं, जरा वरखाली, जरा डावं-उजवं, आणि सासूबाई काचेला कपाळ लावून शेतं, छपरं, घाटातल्या वळणांची माळ बघत राहिल्या. ती वळणं वरून फार शहाण्यासारखी दिसत होती. समुद्र दिसला तेव्हा त्यांनी फक्त त्याच्या दंडावर हात ठेवला. तरी आपला हात जड झाल्यासारखा वाटला नाही, याचं त्याला नवल वाटलं.

मेहुणी कुंपणापाशी उभी होती. विमान टेकलं.

"एक," सासूबाई म्हणाल्या.

उचललं गेलं, टेकलं.

"दोन."

त्या तिसऱ्याची वाट बघत राहिल्या. विमान धावत धावत संथ झालं. "दोनच?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरीखुरी निराशा होती.

परत आल्यावर कॅप्टन इंजिनिअरबाईंकडे गेला आणि एसी, अस्तर, गालिचा आणि उंच पाठी काढून टाका म्हणाला. त्या दिवशी त्यांनी त्याला स्वतःच्या डब्यातलं दुपारचं जेवण देऊ केलं. अस्तराबरोबर आणखीही बरंच निघालं. आधीच्या मालकांनी वेळोवेळी बसवलेल्या आणि काढलेल्या रेडिओंच्या मेलेल्या तारा स्क्रीनमागे तशाच पडून होत्या. कुठूनही न येणाऱ्या आणि कुठेही न जाणाऱ्या. दोघांनी मिळून त्यांचा ढीगच्या ढीग उपसला. आपण एकटेच असे नाही, आपल्या आधीही हौशी माणसं होऊन गेली, हे बघून त्याला बरं वाटलं.

महिन्याभरानं तो आणि बायको सासूबाईंना आणायला गेले. आत आता पत्रा उघडा होता आणि इंजिन कानठळ्या बसवत होतं. येताना बायको मागे बसली, शाल पांघरून, कानात कापूस घालून. पुढे काय बोलणं चाललंय ते तिला ऐकू येत नव्हतं. आई बोटानं खाली काहीतरी दाखवत होती आणि नवरा विमान त्या बाजूला कलतं करून, मान लांब करून, तिला दिसतंय ते आपल्यालाही दिसतंय का ते बघत होता.