धवल्यातलं नाव

त्या समिधाला रीतभात म्हणून नव्हतीच. माणूस गात असताना मधेच टाळ्या वाजवून थांबवतं का कुणी? पोरांना पाढे म्हणायला लावावेत तशा दोन टाळ्या, आणि वर हसून, "आजी, एक मिनिट हं, ही ओळ परत." ते कुणाला, तर सत्तरी ओलांडलेल्या बाईला. अलिबागपासून भाईंदरच्या खाडीपर्यंत जिनं लग्नाचे साडेतीनशे मांडव गायले, तिला!

सोसायटीच्या बाकावर बसून प्रभावतीबाई घरत ही तक्रार तिसऱ्यांदा सांगत होत्या. ऐकणाऱ्या तळमजल्यावरच्या पंचशीलाबाई. मूळच्या लातूरकडच्या, बोलायला सावकाश, पण टोमणा मारायचा तर नेम धरून मारणार.

"दोन टाळ्यांनी एवढं काय बिघडलं?" पंचशीलाबाई म्हणाल्या. "माझ्या ओव्यांच्या टायमाला तिनं चार डाव थांबवलं मला. मी म्हटलं, बाई, जातं थांबत नसतं मधी."

"तुमचं वेगळं. तुम्ही ऐकून घेता."

"व्हय की. म्हणून मला येताना केळी आणती ती. तुम्हाला आणती का?"

प्रभावतीबाईंनी पदर खांद्यावर ओढला आणि फाटकाकडे बघत बसल्या. केळी त्यांना मिळाली नव्हती.

ही समिधा 'सूरपंगत' नावाच्या संस्थेत होती. संस्था म्हणजे बेव्हर्ली पार्कला एका इमारतीतली दोन खोल्यांची जागा, तीन पेट्या, दोन तबले आणि आठ-दहा तरुण मुलंमुली. त्यांचा नवाच उद्योग. गाणं शिकायला या म्हणून पाटी लावून बसायचं नाही. आपणच वस्तीत जायचं, कुणाच्या घरात कुठलं गाणं आहे ते विचारायचं, आणि त्या घरातल्या बाईकडूनच ते शेजारपाजाऱ्यांना शिकवायचं. पूनम सागरच्या या सोसायटीचा हॉल त्यांना रविवारी सकाळी मिळाला होता. पहिला महिना वरच्या मजल्यावरच्या जयाबेनच्या गरब्याचा झाला, दुसरा पंचशीलाबाईंच्या ओव्यांचा. बारा-पंधरा बायका नेमानं यायला लागल्या. कुणी पोळ्या टाकून यायची, कुणी टाकायच्या ठेवून. तिसऱ्या महिन्यात समिधा जिना चढून घरतांच्या दारात उभी राहिली.

"आजी, तुम्ही धवलारीण आहात असं ऐकलं."

"ऐकलंस ना? मग बरोबर ऐकलंस," प्रभावतीबाई म्हणाल्या, आणि आत बोलावलं.

धवला म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं. पण नुसतं गाणं नव्हे. हळद लावायची ती धवल्यावर, मांडवात देव बोलवायचे ते धवल्यावर, नवरानवरी पाटावर बसायची ती धवल्यावर. धवलारीण पुढे बसून ओळ टाकते आणि मागे बसलेल्या बाया ती झेलतात, म्हणजे तशीच्या तशी उचलून म्हणतात. झेलणारी नसेल तर धवला होत नाही. प्रभावतीबाईंच्या मागे तीस वर्षं त्यांची जाऊ चंपा बसत आली होती. मागच्या पावसाळ्यात चंपाचं अंग एका बाजूनं गेलं, आणि बोलणं जिथं जड झालं तिथं गाणं कुठलं?

आणि नेमकं याच वर्षी नातवाचं लग्न. साईराज, काशीमीऱ्याच्या एका गोदामात सुपरवायझर. त्याच्या हळदीला धवला नाही झाला तर साडेतीनशे मांडव गाऊन उपयोग काय? घरात मागे बसणारं कुणी नव्हतं. सून मिनल लाजायची. मुलगा हरिश्चंद्र तर सरळच म्हणाला होता, "आई, डीजे सांगितलाय. तुझी दोन गाणी मोबाईलवर लावू की."

"मोबाईलला हळद लाव मग," प्रभावतीबाई म्हणाल्या होत्या, आणि दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

तेव्हा समिधानंच सुचवलं. "आजी, आमच्या वर्गातल्या बायका बसतील तुमच्या मागे. हॉलमध्ये शिकायचं ते घरात गाण्यासाठीच ना! तुमच्या हळदीपर्यंत तयार करू सगळ्यांना."

म्हणून प्रभावतीबाई रविवारी खाली उतरल्या. खुर्ची दिली ती नाकारून सतरंजीवर बसल्या, आणि हळदीचा धवला सुरू केला. समिधानं मोबाईल समोर ठेवून तो सगळा भरून घेतला. गाताना प्रभावतीबाईंना नावाची अडचण आली. धवल्यात नवऱ्या मुलाचं नाव येतं आणि ते रिकामं सोडायचं नसतं. साईराजचं घ्यावं, तर त्याच्या मांडवाआधी घेणं बरं नव्हे. दुसऱ्या कुणाच्या पोराचं उगाच का घ्या? मग जिभेवर आलं ते सहादेव. त्यांच्या नवऱ्याचं, नऊ वर्षांमागे गेलेल्या माणसाचं. एरवी त्यांनी ते कधी तोंडानं घेतलं नव्हतं. धवल्यात मात्र धवलारणीला कुणाचंही नाव घ्यायची मुभा असते, आणि रिकाम्या जागी त्या नेहमी तेच घालत. चंपाला ते ठाऊक होतं. हॉलमधल्या कुणालाच नव्हतं. सोसायटी त्यांना घरतभाऊ म्हणून ओळखायची.

दुसऱ्या रविवारी त्या टाळ्या झाल्या. प्रभावतीबाई अर्ध्या ओळीवर उठल्या, चपला घातल्या आणि निघून आल्या. नंतर दोन रविवार गेल्याच नाहीत.

समिधानं वर्ग थांबवला नाही. मोबाईलवरून ऐकून तिनं अख्खा धवला कागदावर उतरवला, बायकांना वाटला, त्यावरून घोटून घेतला. आणि एका संध्याकाळी कागद घेऊन वर आली.

"आजी, रागावलात ना? चुकलं माझं. पण हे एकदा बघून घ्या. काही चुकलं असेल तर सांगा, मी दुरुस्त करते."

प्रभावतीबाईंनी कागद हातात घेतला. लहानपणी दुसरीत बसल्या होत्या, तेही आई मिठागरावरून परत येईपर्यंत पोर कुठंतरी सुरक्षित राहावं म्हणून. सही येत होती. बसचा नंबर कळायचा. बाकी अक्षरं कधीच पुसून गेली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलायचं नाही. या पोरीसमोर ते सांगायचं? जी आपल्याला ओळ परत म्हणायला लावते, तिच्यासमोर?

त्यांनी वरून खालपर्यंत नजर फिरवली. एका जागी बोट ठेवून थोडा विचारही केला. मग मान हलवली.

"बरोबर हाय. चहा घेशील?"

हळद लग्नाच्या आदल्या दिवशी, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत. दुपारी चारला धवला, सातला डीजे, असा हरिश्चंद्रनं तह केला होता. मांडवात गावाकडची माणसं आली होती. चंपाला खुर्चीवर आणलं होतं, शेजारी तिचा नवरा, म्हणजे प्रभावतीबाईंचे दीर बाबाजी, पांढरी टोपी घालून ताठ बसले होते. साईराज उघड्या अंगानं पाटावर बसून हसू दाबत होता. समिधाच्या बारा बायका पिवळ्या साड्या नेसून दोन रांगांत बसल्या. जयाबेनच्या कानात सोन्याचे झुमके, पंचशीलाबाई पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या हातात कागद. गावच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. गुजरातीण धवला म्हणणार? बघूया तर.

प्रभावतीबाईंनी डोळे मिटले आणि ओळ टाकली:

"पाटावर बसला गो साईराज, हळद आली दारी."

मागून बारा गळ्यांनी, छान एका सुरात, ओळ झेलली:

"पाटावर बसला गो सहादेव, हळद आली दारी."

दोघीतिघी खुदकन हसल्या. प्रभावतीबाईंना वाटलं, आपल्या कानाचा भास. त्यांनी पुढची ओळ टाकली, साईराजच्या अंगाला आईचा हात लागल्याची. मागून पुन्हा ठणठणीत आलं, सहादेवाच्या अंगाला आईचा हात.

आता कुणी हसलं नाही. मिनलचा हळदीचा हात हवेतच राहिला. खुर्चीतल्या चंपाच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला.

बाबाजी उठले. "काय चाललंय हे? माझ्या मेलेल्या भावाला हळद लावता? पोराच्या अंगावर हळद चढतेय, आणि तुम्ही नाव कुणाचं घेता?"

बारा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जयाबेननं कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही वेगळं लिहिलं असेल. बाजूला उभी असलेली समिधा पुढे आली. चेहरा उतरलेला, पण आवाज स्थिर.

"काका, ती चूक माझी. मला वाटलं, गाण्यातलंच नाव आहे ते. राम-सीता असतात ना, तसं. मी विचारायला हवं होतं. कागद मीच लिहिला."

एवढंच बोलली. कागद दाखवला होता हे बोलली नाही, कुणी बरोबर म्हटलं होतं तेही नाही. प्रभावतीबाईंनी तिच्याकडे बघितलं. तिनं बघितलंच नाही. मान खाली घालून उभी.

बाबाजींनी आणखी काही बोलायच्या आत प्रभावतीबाईंनी हात वर केला. मांडवात धवलारणीचा हात वर गेला की बोलणं थांबतं, तो रिवाज बाबाजींच्या वडिलांपासूनचा.

"कागद ठेवा खाली सगळ्यांनी," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मी काय म्हणते तेच म्हणायचं. एक अक्षर जास्त न्हाय, एक कमी न्हाय. आणि तू गो, तिकडं पाहुण्यासारखी उभी राहू नको. इथं बस, माझ्या मागं."

समिधा येऊन बसली, एरवी चंपा बसायची त्या जागेवर.

धवला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कागद गेल्यावर पंधरा दिवसांचं घोटलेलं थोडं विस्कटलं. कुणी मागे राहिली, कुणी घाईनं पुढे गेली. पण प्रभावतीबाई ओळीच्या शेवटी जरा थांबायला लागल्या, मागच्यांचा हात पोचेल एवढंच. तिसऱ्या कडव्यात पंचशीलाबाईंचा भरदार आवाज लागला. पाचव्यात सगळ्यांना साईराजचं नाव सापडलं. मिनलनं हळद लावली, मग आत्यांनी, मग गावच्या बायांनी. त्यातल्या दोघी स्वतःच येऊन मागच्या रांगेत बसल्या आणि झेलायला लागल्या. समिधा डोळे मिटून, फक्त ऐकून, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं ओळ उचलत होती.

प्रभावतीबाईंचं तोंड गात होतं, पण आत काहीतरी टोचत होतं. नाव घातलं कुणी? आपण. बरोबर म्हटलं कुणी? आपण. आणि भर मांडवात बोलणी खाल्ली त्या पोरीनं. तिनं एक वाक्य पुढे बोललं असतं तर सुटली असती.

हळद झाली. साईराज नखशिखांत पिवळा होऊन उठला. हरिश्चंद्र आईजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, डीजेवाल्याला आठला यायला सांगू का?" तो स्वतःहून बोलायला आलाय, एवढं त्यांनी ध्यानात ठेवलं. बायकांना वडे आणि चहा आला. बाबाजींचा राग दोन वड्यांनी निवला होता. ते मोठेपणानं समिधासमोर गेले.

"चालायचंच पोरी. झेपेल तेवढं केलंस. पण पुढच्या टायमाला असं काही लिहिलंस, तर आधी जाणत्या माणसाला दाखवून घ्यावं. समजलं?"

"हो काका," समिधा म्हणाली.

"भावजी," प्रभावतीबाईंनी हाक मारली. आवाज एवढा चढा की वडे वाटणारी मिनलही थांबली. "दाखवलं होतं तिनं. मना दाखवलं. घरी येऊन, हातात देऊन. मीच बघितल्यासारखं केलं आणि बरोबर हाय म्हटलं. मना वाचता येत न्हाय, हे सगळ्यांना ठाव हाय, फक्त हिला ठाव नव्हतं. आणि मना सांगायची लाज वाटली. सहादेव हे नाव पण माझंच. ओरडायचं असेल तर इकडं ओरडा."

बाबाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि चहा आणायला गेले. चंपा खुर्चीत एका बाजूनं हसत होती.

"आजी, तसं काही नाही," समिधा घाईनं म्हणाली, "मीच..."

"गप. मी बोलते तेव्हा मधी बोलायचं न्हाय, हे तुला अजून शिकायचं हाय." प्रभावतीबाई उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. पोर त्यांच्यापेक्षा दोन वीत उंच होती, पण त्यांना मान वर करावी लागली नाही. तिनंच खाली घातली होती. "वर बघ. दुसऱ्याचा दोष डोक्यावर घेऊन उभी राहिलीस, ते मना मुळीच आवडलं न्हाय. मोठ्या माणसाची चूक असेल तर त्याच्या तोंडावर सांगावी, हळू सांग, पण सांग. शिकवायची घाई तुला फार. गळा पातळ हाय, श्वास पुरत न्हाय, आणि ओळ संपायच्या आधी मान हलवतेस. पण आज कागदाशिवाय पंधरा कडवी झेललीस, एक पण सोडली न्हाय. चंपाला पहिल्या मांडवात एवढं जमलं नव्हतं, विचार तिला. महिन्याभरानं उरणला एक हळद हाय. पिवळी साडी नेसून ये, माझ्या मागं बसायला तू चालशील."